मेळाव्यात भाषण कमी, सोंग जास्त हवं!

आमच्या प्रशिक्षणाचं चित्र ठरलेलं. सतरंजी, हार-नारळ, तासभर भाषण, शेवटी "काही शंका?" कुणी बोलत नाही. चहा होतो, हजेरीपटावर सह्या होतात, कार्यक्रम यशस्वी! मीही असाच एका गावात फवारणीवर बोललो. आठ दिवसांनी तिथंच, पुढं बसून माना डोलावणारे एक काका उघड्या हातानं औषध ढवळताना दिसले. चूक माझ्या पद्धतीची होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हा विषय सह्यांपुरता नाही.

उपाय मला खेळात दिसतो. पाठांतराशिवाय, जागच्या जागी रचलेला विनोद आपल्याला नवा नाही. तमाशातला सोंगाड्या समोरचं गाव बघून बतावणीत नवं वाक्य जोडतोच. तिकडं शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी स्थलांतरितांच्या मुलांसाठी असेच नाट्यखेळ रचले. १९६३ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि हे खेळ जगभरच्या शिबिरांत गेले.

खेळ सोपा आहे. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. संवाद लिहिलेले नाहीत. नियम एकच : समोरच्याचं म्हणणं तोडायचं नाही, "हो, आणि..." म्हणत पुढं न्यायचं. दुकानदार म्हणतो, "हे मारा, अळीच काय, घरचा पाहुणाही पळेल!" गिऱ्हाईक म्हणतं, "हो, आणि तेही द्या, दोन्ही एकाच पंपात घालतो!" लोक हसतात. मग बसलेल्यांपैकी कुणीही "थांब!" म्हणायचं, गिऱ्हाइकाची जागा घ्यायची आणि बरोबर वागून दाखवायचं. डब्यावरचा त्रिकोण लाल की हिरवा? पक्कं बिल कुठंय? प्रेक्षकानं खेळ थांबवायची ही रीत ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची.

एका गावात हे केलं, तेव्हा मागं बसलेल्या मजूर बाई उठल्या. म्हणाल्या, "हातमोजे मालकानं द्यायचे का आम्ही आणायचे?" हसणं थांबलं. माझ्या एकाही भाषणात हा प्रश्न नव्हता.

पथ्यं दोनच. गावातल्या कुणाची टिंगल नको, आणि उठायची जबरदस्ती नको. शेवटी दहा मिनिटं नेमकी माहिती द्यायचीच. नाहीतर नुसता तमाशा होईल.

काही जण म्हणतील, हा पोरखेळ आहे. असू द्या. सरपंच मंडळींनी पुढच्या सभेत हारांना फाटा देऊन अर्धा तास या खेळाला द्यावा, आणि फवारणी करणाऱ्या मजुरांना आधी बोलवावं. पंप त्यांच्या पाठीवर असतो.