पडणारा उजेड आणि पुरणारा उजेड

आमच्या होस्टेलची लाईट गेली की पहिल्या दोन मिनिटांत एक स्पर्धा सुरू होते. सगळे आपापल्या खिशातल्या छोट्या बॅटऱ्या घेऊन कॉरिडॉरमध्ये येतात आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर झोत टाकतात. "माझी हजार लुमेनची!" "हट्, माझी दोन हजारची!" मग कुणीतरी तिसऱ्याच्या डोळ्यांत झोत मारतो, शिव्या होतात, तेवढ्यात जनरेटर सुरू होतो आणि सभा बरखास्त. अशा पुष्कळ सभांना मी हजर होतो, आणि एकाही सभेत "हा उजेड टिकतो किती वेळ?" असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं. हा प्रश्न मला शिकवला आप्पांनी. आप्पा म्हणजे माझे वडील. शिक्षण सातवी पास, धंदा शेती.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. शेतीची लाईट पाळीपाळीने येते. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात बाराच्या पुढे मोटार सुरू करायची आणि दारं धरायला उसात किंवा कांद्यात उतरायचं. पायाखाली घोणस किंवा मण्यार असू शकते. उसात बिबट्या असणं ही तर आमच्याकडे आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. खिशात मावणारी विजेरी हा आपल्यासाठी हौसेचा मामला असेल, आप्पांसाठी ती चपलेइतकी गरजेची आहे.

आप्पांकडे दोन मोठ्या सेलची जुनी, फिलामेंटच्या बल्बची बॅटरी होती. सेल उतरले की ते दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवायचे आणि रात्री पुन्हा भरायचे. तिचा उजेड म्हणजे कावीळ झाल्यासारखा पिवळा. त्यामुळे इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड हातात आल्यावर मी शहरातल्या एका दुकानातून आप्पांसाठी तळहाताएवढी, हजार लुमेनची झकास विजेरी घेतली. आत चार्ज होणारा लिथियमचा सेल, त्यावर छापलेलं ९९०० मिलीअँपिअर-अवर. आप्पांनी अंगणातून समोरच्या चिंचेवर झोत टाकला. पान न् पान दिसलं. आप्पा म्हणाले, "लई उजेड पडतोय रं!" मला वाटलं, आपण जिंकलो.

दिवाळीला घरी गेलो तर खुंटीला जुनीच बॅटरी! नवी कुठे गेली विचारलं तर आप्पा बोलेनात. शेवटी आईनेच सांगितलं. एका रात्री आप्पा पूर्ण चार्ज केलेली नवी बॅटरी घेऊन उसात गेले. तासभर झाला असेल, ते अगदी टोकाच्या सरीला होते, आणि बॅटरी एकदम गेली. बटण दाबलं, झटकली, काही नाही. फोन मोटारीच्या खोलीत पिशवीत राहिलेला. बाजूच्या उसात सळसळ झाली. कुत्रं होतं, कोल्हा होता की आणखी काही, कोण जाणे. आप्पा थोडा वेळ जागीच उभे राहिले. मग चपला हातात घेऊन पाटात उतरले आणि पाणी ज्या बाजूने पायावर येतंय त्या बाजूला चालत राहिले, कारण पाण्याच्या उगमाला मोटार असणार. असे ते अंधारात खोलीपर्यंत आले.

मी काहीतरी सारवासारव करू लागलो तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "उजेड लई पडतो तिचा, पण पुरत नाय. जुनी मरायच्या आधी सांगती तरी."

"काय उजेड पाडलास!" हा वाक्प्रचार मराठीत का आहे, ते मला त्या दिवशी नीट समजलं.

सुट्टी संपवून येताना मी दोन्ही बॅटऱ्या होस्टेलवर आणल्या. रूम पार्टनरकडे एका नावाजलेल्या कंपनीची हजार लुमेनची विजेरी होती, आणि शेजारच्या खोलीतून एका एए सेलवर चालणारी बोटाएवढी विजेरी मिळाली. खिडकीला चादर लावली, विजेरी टेबलावर छताकडे तोंड करून उभी केली आणि बाजूला मोबाईल ठेवून त्यातल्या प्रकाशाच्या सेन्सरवर दर पाच मिनिटांनी आकडा टिपला. मोबाईलचा लक्समीटर अचूक नसतो हे मान्य, पण सुरुवातीच्या मानाने उजेड किती उरला हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं.

आप्पांना दिलेली विजेरी वीस मिनिटांत निम्म्यावर आली, पुढे घसरतच राहिली आणि तासाभरात गप्प झाली. सेल संपत आला की आतलं सर्किट करंट तोडतं, म्हणून शेवट असा अचानक. तो सेल आम्ही सरांच्या परवानगीने लॅबमध्ये लोड लावून रिकामा केला. क्षमता भरली साधारण ११००! वर छापलेलं ९९००. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या या '१८६५०' मापाच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजाराच्या आसपास मिळतं. त्यामुळे या मापावर ९९०० दिसलं की तो आकडा खोटा, एवढं डोळे मिटून समजावं.

ही झाली उघड फसवणूक. पण मित्रहो, माझा खरा मुद्दा पुढेच आहे. नावाजलेल्या कंपनीच्या विजेरीनेही पाच मिनिटांत साधारण एक तृतीयांशावर उतरून मगच सरळ रेष धरली. ती अडीच तास टिकली हे खरं, पण हजार लुमेनवर टिकली नाही. खोक्यावर मात्र '१००० लुमेन' आणि 'अडीच तास' हे दोन आकडे नवरा-नवरीसारखे शेजारी शेजारी उभे!

आणि यात कंपनी खोटं बोलत नव्हती. २००९ साली अमेरिकेत विजेऱ्यांसाठी 'एफएल १' नावाचं प्रमाणक आलं. नामांकित कंपन्या खोक्यावर छापतात ती छोटी चिन्हं त्यातलीच. त्यानुसार उजेड मोजायचा तो नव्या किंवा पूर्ण भरलेल्या सेलवर, विजेरी लावल्यानंतर तीस सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच्या काळात. आणि टिकण्याचा वेळ मोजायचा तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे हजार लुमेनची विजेरी शंभरवर आली तरी कागदोपत्री ती 'चालू'च. पहिला आकडा विजेरीच्या लग्नातला, दुसरा तिच्या म्हातारपणापर्यंतचा!

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, पहिल्या वर्षाचं गणित पुरतं. उत्तम १८६५० सेल म्हणजे ३.६ व्होल्ट गुणिले ३.५ अँपिअर-अवर, साधारण साडेबारा वॅट-अवर. खिशातल्या विजेरीचा एलईडी, सर्किट आणि भिंग यांचे लोभ-तोटे जमेस धरून एका वॅटला शंभर लुमेन धरा. म्हणजे सगळा मिळून साडेबाराशे लुमेन-तासांचा साठा. तो हजारच्या दराने उधळला तर सव्वा तास, शंभरच्या दराने वापरला तर बारा तास. शिवाय हजार लुमेनसाठी दहा वॅट लागतात आणि त्यातला मोठा भाग उष्णता होऊन त्या तळहाताएवढ्या ॲल्युमिनियमच्या नळीतूनच बाहेर पडणार. म्हणून विजेरी स्वतःच उजेड कमी करते, नाहीतर हातात धरवणार नाही.

एए सेलवाल्या छोटीने मात्र मन जिंकलं. साधारण ५० लुमेनच्या पायरीवर तिने साडेतीन तास जवळपास सरळ रेष काढली. अशा विजेऱ्यांचं एक छापील उदाहरण देतो. फीनिक्स कंपनीने एका एए सेलवरच्या ई-१२ या मॉडेलसाठी आकडे दिले होते ते असे: १३० लुमेनवर दीड तास, ५० वर साडेसहा तास आणि ८ वर चाळीस तास. गुणाकार करून बघा. पहिल्या पायरीवर १९५ लुमेन-तास, दुसऱ्या पायरीवर ३२५! सेल तोच, पण हळू वापरला तर एकूण उजेडच जास्त निघतो, कारण कमी करंटवर एलईडीही काटकसरीने चालतो आणि सेलही. आपल्याकडे पाणी आणि पैसा या दोन्हींबद्दल मोठी माणसं हेच सांगत आली आहेत.

"पण पन्नास लुमेनमध्ये दिसतं काय?" असं होस्टेलच्या सभेत नक्की विचारलं जाईल. उत्तर असं की डोळा हा सरळ हिशोबाचा गडी नाही. उजेड चौपट झाला तर त्याला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे हजार लुमेन हे पन्नासच्या वीसपट असले तरी जेमतेम चार-साडेचार पट वाटतात. शिवाय अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. जवळच्या पाचोळ्यावर भगभगीत झोत मारला की तो सराव क्षणात जातो आणि झोताबाहेरचं काहीच दिसत नाही. यालाच आपल्याकडे दिव्याखाली अंधार म्हणतात. आप्पांची ती कावीळ झालेली बॅटरी दहा-पंधरा लुमेनच्या वर नसेल, आणि तिच्यावर त्यांनी तीस वर्षं दारं धरली.

झोत किती लांब जातो हे तर लुमेनवर ठरतच नाही. ते उजेड किती एकवटलेला आहे त्यावर, म्हणजे कँडेलावर ठरतं. एफएल १ मध्ये झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो तेवढं. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. म्हणून खोक्यावर २०० मीटर लिहिलं असेल तर २०० मीटरवर चांदण्याइतकंच दिसेल, हे लक्षात ठेवा. आणि घोणस २०० मीटरवर नसते, ती दोन पावलांवर असते.

आता दुसरी बाजू. जास्त लुमेन अगदीच फुकट आहेत असं मी म्हणत नाही. बांधापलीकडे काय हललं हे बघायला, ट्रेकमध्ये चुकलेली वाट शोधायला अर्धा मिनिट भरपूर उजेड हवाच. ती पायरी विजेरीत जरूर असावी. पण तिच्यासाठी अख्खी विजेरी निवडणं म्हणजे गाडी फक्त ओव्हरटेकसाठी घेणं.

"मोबाईलमध्ये टॉर्च आहे की!" हाही एक लाडका युक्तिवाद. आहे ना. खोलीत पडलेलं पेन शोधायला उत्तम. पण अडचणीच्या वेळी ज्या यंत्रावरून हाक मारायची, त्याचीच बॅटरी उजेडासाठी जाळायची? त्यात पाऊस, चिखल आणि ओले हात. एका आघाडीवर दोन्ही सैनिक पाडायची ही युक्ती मला काही पटत नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. विजेरी घेताना सर्वात वरचा लुमेनचा आकडा शेवटी वाचा. आधी मधल्या पायरीचा, म्हणजे ५० ते १०० लुमेनचा वेळ वाचा. तो दिलेलाच नसेल तर खोका परत ठेवा. सेल कोणता हे बघा. रोज चार्जिंगची सोय असेल तर चांगल्या कंपनीचा १८६५० उत्तम. नसेल तर एए बरा, कारण तो गावच्या किराणा दुकानातही मिळतो. त्यातही चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घ्या. सॅन्योने २००५ साली एनेलूप आणल्यापासून ठेवल्या ठेवल्या न उतरणारे असे सेल सहज मिळू लागले. साधे अल्कलाइन सेल विजेरीत महिनोन्‌महिने ठेवू नका, ते गळून तिचं वाटोळं करतात. आणि रात्री बाहेर काम असेल तर एका मोठ्या विजेरीपेक्षा दोन छोट्या केव्हाही चांगल्या. आपण वर्गात 'रिडंडन्सी' शिकतो ती परीक्षेत लिहायलाच असते असं नाही.

शेवटचं, आपल्या सगळ्यांसाठी. उद्या आपल्यापैकी कुणी विजेरी, पंप, इन्व्हर्टर असलं काही बनवेल आणि त्याच्या खोक्यावर काय छापायचं ते ठरवेल. विकला जाणारा आकडा छापण्याचा मोह तेव्हा होणार. त्या वेळी एवढंच आठवा, की तो आकडा वाचून कुणाचा तरी मुलगा पहिल्या पगारातून ती वस्तू घेईल, आणि कुणाचे तरी वडील त्या आकड्याच्या भरवशावर अंधारात जातील.

आप्पांना मी पुढे दुसरी विजेरी दिली. सेल अस्सल, पायऱ्या चार, आणि सेल संपत आला की उजेड टप्प्याटप्प्याने कमी करून सांगणारी. ७० लुमेनच्या पायरीवर दोन-तीन रात्री सहज जातात. सदऱ्याच्या वरच्या खिशात एए सेलची छोटी असते. हजार लुमेनवाली माझ्या टेबलावर आहे, आठवण म्हणून.

परवा फोनवर विचारलं, "आप्पा, बॅटरी कशी आहे?"

"चिंचंची पानं दिसत नाय तिच्यानं," आप्पा म्हणाले. "पण घरी येस्तोवर दिसतंय."

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)