आईच्या बांगड्या सैल झाल्या तेव्हा

मैत्रिणींनो, माहेरी गेलं की आपण आजारी माणसाकडे आधी बघतो. पण त्याचं करणाऱ्या माणसाकडे कोण बघतं?

गेल्या मे महिन्यात मी सांगलीला आईकडे गेले होते. दोन वर्षांपूर्वी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू अधू झाली. फोनवर आई म्हणायची, "आमचं छान चाललंय, तू तुझं घर सांभाळ." मलाही ते ऐकून बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

वरच्या फळीवरचा डबा काढायला आईने हात वर केला आणि तिच्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. ओट्यावर दुधाचं करपलेलं पातेलं, फ्रिजमध्ये बुरशी आलेली उसळ. "अगं आई, लक्ष कुठे असतं तुझं?" असं मी तिला चक्क बोलले! त्याच रात्री दोन वाजता जाग आली. पाहते तो सत्तरीची आई दादांना काखेत हात घालून उठवत होती, स्वतः भिंतीला टेकून. रात्रीतून चार वेळा ती अशी उठत होती. माझ्याच बोलण्याची मला लाज वाटली.

तेव्हा आता माहेरी जाल किंवा घरातल्याच सासू-सासऱ्यांकडे पाहाल, तेव्हा एवढं जरूर बघा. औषधांच्या पाकिटातल्या गोळ्या मोजा. उरल्या जास्त की संपल्या लवकर? लाईटबिल वेळेवर भरलं जातं का? "आज थंडी आहे" म्हणून आंघोळ टळते आहे का? चालताना भिंत, टेबल, दार धरावं लागतं का? पडल्याची खूण दिसते का? अंगावरचे कपडे ढिले झालेत का? आणि मुख्य म्हणजे, जो सांभाळतो आहे त्याला झोप मिळते का? आंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं, जेवण यांतलं एखादं जरी दुसऱ्याच्या आधाराशिवाय होत नसेल आणि आधार देणाराच थकला असेल, तर बाहेरची मदत घ्यायची वेळ आली असं समजावं.

पण त्याआधी डॉक्टरांना दाखवा. विसरभोळेपणा आणि अशक्तपणा हे दर वेळी म्हातारपणच असतं असं नाही. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, एखाद्या औषधाचा परिणाम यामुळेही तसं होतं, आणि त्यावर इलाज आहे. एक-दोन दिवसांत एकाएकी बरळणं सुरू झालं तर थांबूच नका. लघवीच्या जंतुसंसर्गाने किंवा अंगातलं मीठ कमी झाल्यानेही तसं होतं.

मदत कोणती हवी तेही ठरवा. आंघोळ घालणं, भरवणं, फिरवणं यासाठी कामाची माहिती असलेली मावशी पुरते. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तिथे शिकलेलं माणूसच हवं. इंजेक्शन, नळी, जखमेची पट्टी ही कामं नर्सचीच. ब्यूरोतून माणूस घेताना ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस पडताळणी झाली आहे का ते विचारा, कामाचे तास आणि सुट्टी आधीच बोलून ठेवा. एक वही ठेवून औषध, जेवण, झोप लिहायला सांगा. आणि रुग्णासाठी ठेवलेल्या बाईला घरभरची भांडी घासायला लावू नका हं!

खरी अडचण पुढेच आली. आई म्हणाली, "पोटची मुलं असताना परकं माणूस? लोक काय म्हणतील?" दादा तर भिंतीकडे तोंड करून पडले. मग मी आईला सांगितलं, "दादांसाठी नाही गं, तुझ्यासाठी ठेवतोय. तू पडलीस तर दादांना कोण?" ती गप्प झाली. भाऊ पुण्याला असतो. खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलायचं ठरवलं. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदाही मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. मग आपण तरी कशाला करायचा? (ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदतीचा फोन आहे, तोही लिहून ठेवा.)

दादांना बाईकडून करून घ्यायला संकोच वाटे, म्हणून ब्यूरोतून रात्रीपुरते एक मामा ठेवले. पहिले चार दिवस दादा त्यांच्याशी अक्षर बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःहून चहा विचारला. कुरकुर अजूनही असतेच, आणि महिन्याचा हिशोब बसवताना आमचीही ओढाताण होते. पण परवा सकाळी मी फोन केला तर तो मामांनीच उचलला. म्हणाले, "आई अजून झोपल्यात, ताई. उठवू का?"

मी म्हटलं, नको. झोपू दे तिला.