सूत्र बोस्टनचे, शरीर जबलपूरचे

वजन, उंची, वय भरले की मोबाइल विश्रांतीत शरीर किती कॅलरी जाळते ते सांगतो. पण ४० वर्षांच्या, ५५ किलो वजनाच्या, १५० सेंमी उंचीच्या बाईसाठी हॅरिस-बेनेडिक्टचे १९१९ चे सूत्र सुमारे १२७० सांगते, तर मिफ्लिन-सेंट जिओरचे १९९० चे सूत्र ११२७. म्हणजे रोज एका पोळीहून अधिक फरक! पहिले सूत्र बोस्टनच्या प्रयोगशाळेने अभ्यासलेल्या २३९ प्रौढांवर उभे आहे, दुसरे ४९८ अमेरिकनांवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१० च्या शिफारशींत जागतिक सूत्रांचे उत्तर भारतीयांसाठी सुमारे ५ टक्के कमी धरले, ते उगाच नव्हे.

कुणी म्हणेल, सुरुवातीला अंदाज पुरेसा आहे. मान्य, पण मग तो शेवटच्या अंकापर्यंत खरा का मानायचा? श्वासातला ऑक्सिजन मोजणारी खरी चाचणी महाग असते, हेही खरे. तरी जबलपुरात १९८४ पासून आयसीएमआरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था आहे. गोंड, बैगा आणि शहरी माणसे यांची अशी मोजणी जबलपूरभोवतीच्या महाकोशलात व्हायला हवी. तोवर आकडा तात्पुरता धरावा आणि तीन-चार आठवड्यांनी वजन पाहून ताट कमीजास्त करावे.