अश्वशक्ती सारखी, स्वभाव निराळा

मोटारीची चर्चा निघाली की पहिला प्रश्न असतो, ‘इंजिन किती ताकदीचे?’ दुसरा, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ गाडी वळणावर कशी वागते, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. युरोपातल्या दोन जुन्या, लाडक्या गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व चटकन ध्यानात येते.

एक जर्मनीची फोक्सवॅगन बीटल, दुसरी ब्रिटनची मिनी. १९६० च्या सुमारास दोघींची ताकद सारखीच, ३४ अश्वशक्ती. बीटलचे इंजिन ११९२ सीसीचे, मिनीचे ८४८ सीसीचे. पण कमाल वेग दोघींचाही ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास. कागदावर पाहिले तर डावे-उजवे करणे कठीणच!

खरा फरक आहे तो इंजिनाच्या जागेत. बीटलचे इंजिन अगदी मागे, डिकीच्या जागी. ते हवेने थंड होई, त्यामुळे रेडिएटरमधले पाणी उकळण्याची वा गोठण्याची चिंता नाही. इंजिनाचा भार मागच्या चाकांवर आणि गाडी ढकलणारी चाकेही तीच, म्हणून चिखलात तिची पकड उत्तम असे. कच्च्या रस्त्यांवरची १९६२ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली बीटलनेच जिंकली होती.

पण वळणावर हाच भार नडत असे. वेगात वळताना चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की मागच्या चाकांवरचा दाब कमी होई आणि गाडीचा जड मागचा भाग बाहेर फेकला जाई. १९७० मध्ये आलेल्या १३०२ या मॉडेलमध्ये मागच्या चाकांची रचना बदलली, तेव्हा हा दोष बराच कमी झाला.

मिनीचा जन्म पेट्रोलटंचाईतून झाला. १९५६ च्या सुएझ संकटानंतर अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ती आखली आणि १९५९ मध्ये ती बाजारात आली. त्यांनी इंजिन पुढे आडवे बसवले, गीअरबॉक्स त्याच्याच खाली ठेवला आणि जोर पुढच्या चाकांना दिला. दहा इंची चाके चार टोकांना नेली. लांबी अवघी ३.०५ मीटर, म्हणजे बीटलपेक्षा एक मीटर कमी. वजनही बरेच हलके. वळणावर वेग जास्त झाला, तर तिचे नाक थोडे बाहेर जाई आणि पाय काढताच पुन्हा आत येई. नवशिक्याची घाबरगुंडी येथे गाडीच सावरून घेई! अधिक ताकदीच्या मिनी कूपर एस ने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. मात्र इवल्या चाकांमुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीला जाणवत असे.

जुन्या मिनीचे उत्पादन २००० मध्ये थांबले, तर मूळ बीटलचे २००३ मध्ये, मेक्सिकोत. पण पुढे आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना जोर, ही मिनीने रुजवलेली मांडणी टिकून राहिली. १९८३ मध्ये आपल्याकडे आलेली मारुती ८०० याच पठडीतली.

तेव्हा नवी असो वा जुनी, गाडी घेण्यापूर्वी ती केवळ सरळ रस्त्यावर पळवून पाहू नका. बेताच्या वेगात चार वळणेही घेऊन पाहा. ताकदीचा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो. चालकाची चूक गाडी सावरते की वाढवते, हे वळणच सांगते.