प्रकाशाने काळवंडणारी काच आणि खरेदीचा हिशेब

यंत्र झिजते, म्हणून हिशेबात दरवर्षी घसाऱ्याची तरतूद करावी लागते, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी प्रथम वर्षातच शिकतो. परंतु जेथे दाते नाहीत, घर्षण नाही, तेथे घसारा कसा मोजावयाचा? पोलादी पत्रे कापणाऱ्या आधुनिक लेसर यंत्रांनी हा प्रश्न उभा केला आहे.

अशा अनेक यंत्रांचा प्राण म्हणजे यिटर्बियम हा विरळ मृदाधातू अल्प प्रमाणात मिसळलेला काचतंतू. त्यात ९७६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडला की यिटर्बियमचे आयन तो शोषतात आणि किंचित अधिक तरंगलांबीच्या लेसर किरणांच्या रूपाने ऊर्जा परत देतात. मात्र हे चालू असतानाच काचेच्या अंतर्रचनेत ‘रंगकेंद्रे’ म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्म दोष निर्माण होतात आणि तेही प्रकाश गिळू लागतात. ज्या प्रकाशावर यंत्र चालते, तोच त्याला आतून काळवंडवतो!

यावर उपाय नाहीत असे नव्हे. काचेत फॉस्फरस किंवा सेरियम मिसळल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो. पण फॉस्फरसमुळे प्रकाश शोषण्याची क्षमता घटते व तंतू अधिक लांब घ्यावा लागतो. सेरियममुळे काचेचा अपवर्तनांक वाढतो व किरणांची गुणवत्ता सांभाळणे कठीण होते. टिकाऊपणाला किंमत पडते, ती अशी.

नेमकी हीच किंमत आपल्या खरेदीपद्धतीत दिसत नाही. काळवंडण्याची ही क्रिया प्रारंभी वेगाने होते व पुढे मंदावते. म्हणजेच पहिल्या दिवशीचे मोजमाप सर्वांत फसवे. शिवाय आत सोडावयाचा प्रकाश वाढवून घट झाकता येते. मग तोटा वीजबिलात व उष्णतेत दडतो. अशा स्थितीत किमान दराची निविदा स्वीकारणारी शिक्षणसंस्था किंवा कर्ज काढणारा लहान कारखानदार स्वस्ताई नव्हे, तर पुढे ढकललेला खर्च विकत घेत असतो.

म्हणून निविदेत केवळ आरंभीची शक्ती नव्हे, तर ठरावीक तासांच्या वापरानंतर उरणारी शक्ती व तिच्यासाठी लागणारी वीज यांची लेखी हमी मागितली पाहिजे. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत विरळ मृदाधातूयुक्त तंतूंवर काम झालेले आहे. त्या ज्ञानाचा स्वतंत्र तपासणीसाठी उपयोग करून घेणे शासनाला अशक्य नाही. काचेचा काळेपणा डोळ्यांना दिसत नाही, हे खरे; पण तो हिशेबातही दिसू नये, हे क्षम्य नव्हे.