ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

'बायकोला पाच हजारांचे शेअर भेट दिले,' असं मित्र कौतुकाने सांगतात. डिमॅट खातं कुणाचं? 'माझंच, तिला नॉमिनी केलंय.' मग भेट कसली? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

कुरआनच्या सूरह निसामध्ये मेहर स्त्रियांना द्या, असं सांगितलंय. तो तिच्या हक्काचा. भेटीला वेगळा न्याय का? 'शेअर म्हणजे हराम' ही सबबही टिकत नाही. व्याजावर चालणाऱ्या बँका आणि दारू कंपन्या वगळणारा निफ्टी ५० शरिया निर्देशांक आहे.

तिच्या पॅनवर, तिच्या बँक खात्याला जोडलेलं डिमॅट उघडा. ओटीपी तिच्याच फोनवर येऊ द्या. विकायचे की ठेवायचे, ती ठरवेल. हे जमत नसेल तर त्याला भेट म्हणू नका, स्वतःची गुंतवणूक म्हणा.