घागर पुजली, सातबारा कधी?

वऱ्हाडात अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आमरसाचं पान वाढतात. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतली एकटी राहिलेली शेतकरी बाईही ते मनोभावे करते आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जाते. जमीन कागदावर अजून नवऱ्याच्याच, कधी सासऱ्याच्या नावावर. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, सगळं तिथंच अडतं. कपाशीची वेचणी मात्र तिच्याशिवाय होत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनं तो इतर गावांपुढे ठेवला, हे बरंच झालं. पण कपाळावरचं कुंकू राहिलं तरी सातबाऱ्यावरचं नाव आपोआप येत नाही. हिंदू वारसा कायद्यानं 1956 पासून विधवेला मुलांच्या बरोबरीनं वाटा दिला आहे. ‘सही करून दे, आम्ही पाहतो सगळं’ म्हणणारा दीर तो क्षणात घालवतो. (असे दीर सुतकातही फार कामसू असतात.) नवरा हयात असतानाच बायकोचं नाव जमिनीवर लावा, ही शेतकरी नेते शरद जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेची हाक म्हणूनच आजही शहाणपणाची.

तलाठ्यांनी तेराव्यानंतर स्वतः त्या घरी जावं. आणि भगिनींनो, वारस नोंदीची खबर तीन महिन्यांत द्या, पोच घ्या. हक्कसोडपत्रावर तोवर अंगठा नको.